ज्याचे त्याचे दात

मला पटकन राग येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या सासूबाई म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसलीच, तर ती माशी माफी मागून उठते. तर अशी मी त्या दिवशी फाईलबाईंच्या टेबलासमोर पाचव्यांदा बसले होते आणि त्यांनी पाचव्यांदा तोच फॉर्म माझ्यापुढे सरकवला होता.

फाईलबाई हे मीच ठेवलेलं नाव. घरदार सोडून परक्या देशात येऊन पडलेल्या आमच्यासारख्या माणसांना कामाला लावायचं, ही त्यांची नोकरी. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली. खिडकी होती पण ती उघडायची नाही, हीटर होता तो बंद व्हायचा नाही. बाई साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बोलायच्या इतकं सावकाश की ऐकणाऱ्याला जांभई यावी. पुढे एकदा त्यांना लेकीशी फोनवर बोलताना ऐकलं, तर नुसत्या लाह्या फुटत होत्या! तेव्हा कळलं की तो संथपणा आमच्यासाठी होता. त्यांची भाषा आम्हाला समजावी म्हणून.

फॉर्मवर ‘आधीचं काम’ असा रकाना होता आणि त्याखाली चौकोन. स्वयंपाक, सफाई, शिवण, बांधकाम, गाडी चालवणं, शेती, इतर.

“बावीस वर्षं मी कवळ्या केल्या,” मी म्हटलं. “खोटे दात. माझ्या हातचे दात लावून निम्मं शहर जेवत होतं. आणि मी ‘इतर’?”

“तुम्ही ‘इतर’ नाही,” बाई म्हणाल्या. “पण चौकोन तेवढाच आहे.”

त्या चौकोनातून मला तोवर तीन कामं मिळाली होती. हॉटेलात चादरी बदलणं, मासळीच्या कारखान्यात डबे भरणं, आणि हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गरम कपड्यांच्या घड्या घालणं. तिन्ही प्रामाणिक कामं, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण तिन्ही तात्पुरती. हंगाम संपला की या बाई, नमस्कार. आणि मला पक्कीच नोकरी हवी होती. पक्क्या नोकरीचं पत्र हवं होतं, कारण त्या पत्रावर आमचे हे अडकले होते.

ते असं झालं. निघायच्या दिवशी बायकांची बस पुढे आणि पुरुषांची मागे. आमची बस सरहद्द ओलांडून आली आणि मागे फाटक पडलं. हे पलीकडच्या छावणीत अडकले ते अडकलेच. मी आणि सासूबाई इथे; त्यांचा मुलगा, माझा नवरा, तिथे. दर रविवारी कुणाच्या तरी फोनवरून आठ मिनिटं बोलणं व्हायचं, त्यातली पाच सासूबाई खायच्या. इथला कायदा असा की, तुम्हाला राहायचा परवाना मिळाल्यापासून दीड वर्षाच्या आत राहायला दोन खोल्या आणि पक्की नोकरी दाखवली, तर नवऱ्याला बोलावता येतं. दीड वर्ष उलटलं, तर त्याचा अर्ज सगळ्यांच्या रांगेत जातो. त्या रांगेत सात-सात वर्षं उभी राहिलेली माणसं मी पाहिली होती. खोल्या मिळाल्या होत्या. नोकरीसाठी चार महिने उरले होते.

“कवळ्यांचं काम करत होता, याचा काही पुरावा?” बाईंनी विचारलं.

झालं! माझी तार सटकली. “पुरावा कपाटात आहे, कपाट घरात आहे आणि घर आता नाही. जाऊन आणू?”

माझा आवाज चढला तशी शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझा हात दाबला. त्यांना इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण माझा आवाज त्यांना कुठल्याही भाषेत कळतो. “काय मागतेय ती?” त्यांनी विचारलं.

“मला दात करता येतात याचा पुरावा.”

“एवढंच ना!” असं म्हणून त्या माउलीनं तोंडात दोन बोटं घातली, वरची कवळी काढली, मग खालची काढली, आणि दोन्ही फाईलबाईंच्या फॉर्मवर ठेवून दिल्या. “घे म्हणावं. सर्टिफिकेट.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फॉर्मवर ओल उमटली. आता या बाई दाराकडे बोट दाखवणार, मी मनात म्हटलं, गेली हीसुद्धा वाट. पण बाईंनी खणातून कागदी रुमाल काढला, त्यात वरची कवळी उचलली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या उठून खिडकीशी गेल्या. उजेडात त्यांनी कवळी कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिली.

“हे तुम्ही केलंय? आणि हा कोपऱ्यातला टवका?”

“मुद्दाम केलाय. त्यांच्या खऱ्या दाताला होता. लहानपणी विहिरीच्या रहाटावर आपटल्या होत्या.”

“माझी मला परत दे म्हणावं,” बोळक्या तोंडानं सासूबाई म्हणाल्या. “दुपारची जेवायचीय मी.”

मी ते भाषांतर करून सांगितलं आणि फाईलबाई हसल्या. पाच भेटींत पहिल्यांदा. मग त्यांनी फॉर्मवरच्या चौकोनात खूण न करता मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. कवळ्या कशा करता, कशापासून, एकीला किती दिवस, एकटीनं की मदतनीस घेऊन. दोन तास मी बोलत होते. देश सोडल्यापासून माझ्या कामाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये मला रडू कोसळलं, आणि सासूबाई म्हणाल्या, “दात माझे काढले आणि रडतेस तू?”

पुढच्या पंधरा दिवसांत फाईलबाईंनी दातांच्या अकरा लॅबना फोन केले. अकराही जणांनी कागद मागितले. बारावा म्हणाला, कागद राहू द्या, ती कवळी घेऊन या. बाईंनी स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्हाला घेऊन निघाल्या. कवळी घेऊन या म्हणजे सासूबाईंना घेऊन या, हे ओघानं आलंच. त्या ठेवणीतला कोट घालून निघाल्या, वधूपरीक्षेला निघाल्यासारख्या.

लॅबचा मालक बुटका, गोल, भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड बसलेला. त्यानं कवळी भिंगाखाली धरली. “काम स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “पण हा दात तिरका आहे. याला टवका. आणि रंग पिवळट.”

“त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत,” मी म्हटलं. “नवरीचे दात लावून त्यांनी कुठे जायचं?”

फाईलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मालकानं कवळी परत दिली, भुवयांवरची पूड झटकली आणि म्हणाला, “तीन महिने बघू. काम पटलं तर पक्कं पत्र.”

तीन महिने! पत्र मिळून अर्जाला पुरेसे दिवस उरत होते. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझं तोंडच असं की मी फक्त “ठीक आहे” म्हटलं, जणू मीच उपकार करत होते.

लॅब म्हणजे तळमजल्यावरची लांब खोली. भिंतीला लागून सहा टेबलं, प्रत्येकावर दिवा, मेण तापवायला बर्नर आणि जबड्यासारखं उघडमीट करणारं एक यंत्र. त्या यंत्रात तोंडाचा प्लास्टरचा साचा बसवायचा, गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात लावायचा, आणि ते मेणाचं काम दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. डॉक्टर ते माणसाच्या तोंडात घालून बघतो. सगळं बरोबर असलं, तर मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक ओतून कवळी तयार. काम सगळं तेच. मेणाचा वास नाकात गेला आणि माझे हात आपोआप चालायला लागले. पहिल्या दिवशी जेवायची सुट्टी झालेलीसुद्धा मला कळली नाही. चादरींच्या घड्या घालताना मला वाटायचं, हे हात आता कुणा दुसऱ्या बाईचे झालेत. माझेच होते, देवाची कृपा.

एकच गोष्ट निराळी होती. आमच्याकडे कवळी करणारा माणसाला समोर बसवून कवळी करतो. गप्पा मारतो, हसवतो, भांडतोसुद्धा. हसताना ओठ कुठवर चढतो, बोलताना कुठला दात आधी दिसतो, ते बघतो. जुना फोटो मागतो. ज्याचे दात त्याच्यासारखेच व्हायला हवेत, नाहीतर आरशात रोज परका माणूस भेटतो. इथे माणूस डॉक्टरकडे आणि आम्ही लॅबमध्ये. आमच्याकडे यायचा तो एक डबा. वर नंबर, आत साचा आणि चिठ्ठी. वय अमुक, रंग तमुक. दात सरळ, सारखे, पांढरे. मी गुमान तसे करत होते. दात-ओठ खात करत होते, पण करत होते. मालक येताजाता माझ्या टेबलाशी थांबायचा, मान हलवायचा. अडीच महिने झाले आणि त्यानं सहज म्हणून सांगितलं की, पत्राचा मसुदा टाईप करायला दिलाय. त्या रविवारच्या आठ मिनिटांतली सात मी बोलले.

आणि मग तो डबा आला.

चिठ्ठीवर होतं, पुरुष, वय एकाहत्तर, वरचे सगळे दात. साचा नेहमीचाच, नुसत्या हिरड्यांचा. पण डब्यात कागदात गुंडाळलेला आणखी एक साचा होता, दात काढायच्या आधी घेतलेला. त्या माणसाचे स्वतःचे दात! पुढच्या दोन दातांत काडी जाईल एवढी फट, उजवीकडचा दात शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकल्यासारखा चढलेला. मी हरखून गेले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा डब्यातून माणूस आला होता. मला वाटलं, डॉक्टरला हेच हवं असणार, नाहीतर जुना साचा कशाला पाठवेल? आमच्याकडे जुना साचा देणं म्हणजे ‘याला त्याचे दात परत द्या’ असं सांगणंच. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. फट तेवढीच ठेवली, तो दात तसाच चढवला, आणि खूश होऊन डबा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. फोन मालकाच्या कानाला होता आणि आवाज मला माझ्या टेबलाशी ऐकू येत होता. जुना साचा फक्त दातांच्या मापासाठी पाठवला होता. वाकडे दात काढून वाकडेच दात लावायला कोण सांगतं? तुमच्याकडे आंधळी माणसं ठेवलीत का?

मालक माझ्याजवळ आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. तो हळू आवाजात म्हणाला, “न विचारता केलंत. हा डॉक्टर माझं निम्मं काम देतो. आज पत्र दिलं आणि उद्या पुन्हा असं झालं, तर मी कुणाला काय सांगू? हे मोडून सरळ लावा. आणि आपण अजून तीन महिने बघू.”

अजून तीन महिने. अर्जाची मुदत संपायला एकोणीस दिवस होते.

मी काय करावं? मी ते मोडलं नाही. साच्यावरून दुसरा साचा ओतला आणि त्यावर सरळ, सारखे, पांढरे दात लावले. पण पहिलं मेणाचं काम तसंच डब्यात ठेवलं. का ठेवलं, मला विचारू नका. अडेलतट्टूपणा, दुसरं काय. संध्याकाळी घरी न जाता मी तडक फाईलबाईंकडे गेले.

बाई निघायच्या तयारीत होत्या, एक हात कोटाच्या बाहीत. मी दारातच सुरू झाले. तुमचा मालक असा, तुमचा डॉक्टर तसा, तुमच्या देशात माणसाचं तोंड बघायची पद्धत नाही, तुमच्या फॉर्मला आग लागो. बाई एका बाहीत हात घालून तशाच उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकलं. माझा दम संपला तेव्हा मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, “चूक माझीच आहे, बाई. मी विचारायला हवं होतं. माझ्या आगाऊपणापायी आता ते तिथेच राहणार.”

बाईंनी कोट काढून ठेवला. “चूक झाली, हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांगा. ते दात त्या गृहस्थांनी तोंडात घालून पाहिले?”

“नाही. डॉक्टरनं डबा उघडून बघितलं आणि परत पाठवलं.”

“म्हणजे ज्याचं तोंड, त्याला कुणी विचारलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फाईलबाई लॅबच्या दारात हजर. मालकानं खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “तीस वर्षं मी लोकांना कामाला लावतेय. आजवर कुठल्याही मालकाकडे दया मागितली नाही, आजही मागत नाही. त्या गृहस्थांना दोन्ही दाखवा. त्यांनी सरळ दात घेतले, तर मी निमूट जाईन आणि या तुमच्याकडे तीन महिने काय, सहा महिने काम करतील.”

“डॉक्टर ऐकणार नाही,” मालक म्हणाला.

“फोन तर करा. मी थांबते.”

आणि त्या थांबल्या. प्लास्टरच्या पोत्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. मालक आत-बाहेर करत होता आणि दर वेळी त्याला बाईंच्या पायांवरून जावं लागत होतं. साडेदहाला त्यानं फोन उचलला. बोलता बोलता एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो, चूक आमचीच आहे. तरीही बघा एकदा. माझ्यासाठी.” हे ‘माझ्यासाठी’ तो का म्हणाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण तो शब्द मी विसरलेले नाही.

डॉक्टरकडे मला, मालकाला आणि बाईंना आत उभं राहू दिलं. खुर्चीत ते गृहस्थ बसले होते, चौतीस वर्षं शहराची बस चालवलेले. गाल आत गेलेले. त्यांची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिनं सांगितलं की दात काढल्यापासून हे घराबाहेर पडत नाहीत, विचारलं तर मानेनंच हो-नाही करतात, घरात आपण एकटीच बडबडतो.

डॉक्टरनं आधी सरळ दात घातले. बसवाल्यांनी आरसा हातात घेतला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. “छान आहेत,” ते सभ्यपणे म्हणाले. “कुणाचे आहेत?”

बायको म्हणाली, “टूथपेस्टच्या डब्यावरचा माणूस दिसतोय. असू देत. जेवता आल्याशी मतलब.”

मग डॉक्टरनं, तोंड वाकडं करत, माझे घातले. बसवाल्यांनी आरसा उचलला आणि उचललेला हात तसाच राहिला. त्यांनी जीभ पुढे आणली, त्या फटीला लावून बघितली. मग आरसा खाली ठेवून ते बायकोकडे वळले आणि हसले.

ती बाई स्टुलावरून उठली. दोन पावलं आली आणि तिनं नवऱ्याच्या दंडावर चांगली सणसणीत चापट मारली. “इतके दिवस कुठे होता हो तुम्ही?” ती म्हणाली, आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली.

मी बाहेर आले. मला तिथे उभं राहवेना. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तिचा नवरा तिला मी परत दिला होता आणि माझा कुठे होता? फाईलबाई मागोमाग आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

डॉक्टरनं चिठ्ठीवर ‘असेच ठेवावेत’ एवढं लिहिलं. माफी वगैरे काही मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. मालकानं त्याच दुपारी पत्रावर सही केली. पत्र माझ्या हातात देताना म्हणाला, “चूक ती चूकच. पुढच्या वेळी आधी विचारायचं.”

“विचारीन,” मी म्हटलं, आणि मग माझ्या तोंडून निघालं, “तुमचे उपकार झाले.” मी! सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ताप आलाय का बघ.

मुदतीला सतरा दिवस असताना अर्ज गेला. सगळे कागद फाईलबाईंनी स्वतःच्या हातानं लावले, दोनदा मोजले, आणि पाकीट बंद केल्यावर उघडून तिसऱ्यांदा बघितले. सात महिन्यांनी हे आले.

गाड्यांच्या अड्ड्यावर आम्ही दोघी दोन तास आधीच जाऊन बसलो होतो. हे उतरले. केस पिकलेले, कोट दुसऱ्याच कुणाचा तरी, आणि डावा हात तोंडावर. आधी मला वाटलं, रडतायत. सासूबाईंनी मिठी मारली तरी हात तिथेच, मी हातातली पिशवी घेतली तरी हात तिथेच. घरी आल्यावर, भिंतीकडे तोंड करून, पाव सूपमध्ये बुडवून खायला लागले, तेव्हा मला कळलं. छावणीत हिरड्या सडल्या होत्या. वरचे दात सगळे गेले होते. फोनवर माझ्याकडे अक्षर काढलं नव्हतं. आवाज असा का येतो विचारलं की म्हणायचे, सर्दी झालीय.

आमचे हे म्हणजे गल्लीच्या या टोकाला हसले तर त्या टोकाची कुत्री उठायची. त्या माणसानं आठ दिवस तोंडावरचा हात काढला नाही. मी हजार गोष्टी सांगितल्या, सासूबाईंनी लहानपणीच्या खोड्या काढल्या, पण डोळ्यांपुरतंसुद्धा हसले नाहीत. मला धडकीच भरली. वाटलं, माणूस आलाय, पण आमचा तो काही गाडीतून उतरला नाही.

एक दिवस म्हणाले, “मला त्या बाईंना भेटायचंय. पण दात आल्यावर.”

“दात येईस्तोवर थांबायचं तर बाळाएवढी वाट बघावी लागेल. आत्ताच चला,” मी म्हटलं.

फाईलबाईंच्या समोर हे खुर्चीत बसले आणि तोंडावरच्या हातामागून त्यांना एक शब्द काढता येईना. नुसतं पाणी वाहायला लागलं डोळ्यांतून. बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि यांचा मोकळा हात धरून ठेवला. जिना उतरताना हे म्हणाले, “यांच्यासाठी आपण काय केलं गं?”

“मी पाच वेळा ओरडले,” मी म्हटलं.

त्या रविवारी मालकानं लॅबची किल्ली माझ्या हातात ठेवली. सामान लागेल ते वापरा म्हणाला. मी, हे आणि सासूबाई, तिघं त्या रिकाम्या खोलीत माझ्या टेबलाशी बसलो. साचा ओतून झाला होता, मेणाची हिरडी तयार होती. पण त्यांचा जुना साचा कुठून आणणार? फोटो होता तो लग्नातला एकच, तोही तोंड मिटून, मान खाली घालून. मला फोटोची गरज नव्हती. तेवीस वर्षं संसार केला होता. मी सुळ्याशेजारचा दात घेतला आणि उजवीकडे किंचित कलता लावला.

“डावीकडे,” मागून सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“तो दात डावीकडचा. डावीकडचा कललेला होता.”

“आई, मी रोज समोर बसून जेवलेय त्यांच्या. उजवीकडचा.”

“तू समोर बसलीस म्हणूनच तुझं डावं-उजवं होतंय. मी मांडीवर घेऊन दूध पाजलंय. पहिला दात आला तेव्हा तो कुणाला चावला?”

“तो दुधाचा दात! तो पडला नाही का मग?”

“माझ्या लेकाचं काही पडलं-बिडलं नव्हतं, तू यायच्या आधी!”

“हो का? मग मी काय केलं, उपटले?”

“कवळ्या करणारीच्या घरात कुणाचे दात टिकलेत? माझे बघ, त्याचे बघ!”

मी चिमटा टेबलावर आपटला. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. आणि आमच्या दोघींच्या मधून एकदम असा आवाज आला की शेजारच्या टेबलावरचे चमचे खणखणले. हे हसत होते. हात तोंडावरून केव्हाच खाली आला होता, मान मागे टाकलेली, बोळकं तोंड सताड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबता थांबेना. तेच हसणं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं.

आम्ही दोघी भांडण सोडून बघत राहिलो. माझे डोळे भरून आले, पण सवय जात नाही, मी त्यांच्या ओठाकडे बघत होते. हसताना त्यांचा ओठ डावीकडे वर चढत होता. डावीकडेच. तिथे तो कललेला दात मला दिसला, नसलेला असूनही स्पष्ट दिसला.

मी दिव्याखाली मेण गरम केलं आणि उजवीकडचा दात काढला.

“आई,” मी म्हटलं, “तुमचं बरोबर होतं.”

तेवीस वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हणत होते. सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि लेकाला म्हणाल्या, “हस रे अजून थोडा वेळ. तिला नीट बघू दे.”